अकरा तास बेचाळीस मिनिटं

६ जून

प्रिय आत्या,

थोरल्या आत्याच्या गावी विमानानं पोचायला नेमका किती वेळ लागतो, असं तू विचारलंस. या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

हसू नकोस. मला पगार मिळतो तो याच प्रश्नाची उत्तरं लिहिण्यासाठी. म्हणून तर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तुला लिहायला बसले आहे. फोनच केला असता, पण तुझ्या फोनची खरखर अजून गेलेली नाही म्हणतेस. एकदा दुरुस्त करून घे ना गं.

नोकरी लागली एवढंच बाबांनी तुला सांगितलं असेल. काम काय ते सांगते. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. नऊ माणसं, सात खुर्च्या आणि एक खिडकी. जगातले लहानमोठे तीन हजार विमानतळ आमच्या यादीत आहेत. त्यांतले कुठलेही दोन घ्यायचे आणि त्यांच्यामधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारं एक पान इंटरनेटवर टाकायचं. अशी जवळजवळ पंचेचाळीस लाख पानं होतात. मी गणित मांडून पाहिलं तेव्हा माझंच डोकं गरगरलं.

वेळ काढणारा प्रोग्राम आमच्या कॅप्टननं लिहिलाय. कॅप्टन हे त्याचं ऑफिसातलं नाव. तो कधी विमानात बसलेला नाही. लिफ्टमध्येसुद्धा पाऊल टाकत नाही, रोज तीन मजले चढून येतो. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन ठिकाणांमधलं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं, त्याला ताशी साडेआठशे किलोमीटरनं भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झालं उत्तर. मग मी त्यावर चार वाक्यं लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की हे कुणा माणसानं सांगितलंय.

तुझं पत्र आल्यावर मी आपल्या विमानतळाचं आणि थोरल्या आत्याच्या विमानतळाचं पान उघडलं. तर ते मीच लिहिलेलं निघालं! अंतर नऊ हजार पाचशे वीस किलोमीटर. वेळ अकरा तास बेचाळीस मिनिटं. खाली माझं वाक्य: ‘सकाळी निघालात तर रात्रीच्या जेवणाला पोचाल.’

पण आत्या, याला उत्तर म्हणायचं का? मी ऑफिसात विचारलं, इथं कधी कुणी विमानात बसलंय का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी ऑफिस चालवणाऱ्या आमच्या मॅडम म्हणाल्या, ‘माझे मिस्टर एकदा बसले होते,’ आणि तो विषय संपला.

बारावीनंतर घरात सगळे ‘आता पुरे’ म्हणत होते, तेव्हा तू बाबांना म्हणाली होतीस, ‘हिला शिकू दे. घरात एक तरी माणूस असं हवं, ज्याला विचारलं तर खरं ते कळेल.’ कॉलेजची तीन वर्षं मी त्या वाक्यावर काढली. म्हणून खात्री नसलेला आकडा तुझ्या हातात द्यायला मन धजत नाही. मी शोधते आणि कळवते.

आणि एकदम कसं काय विचारलंस? थोरल्या आत्याकडचं सगळं ठीक आहे ना?

तुझी ठकू

*

१३ जून

ठके,

उत्तर येत नाही म्हणतेस आणि चार परिच्छेदांनंतर मिनिटासकट देतेस. शिकलेल्या माणसांची ही जुनी खोड. आधी नाही म्हणायचं, मग भाव खायचा.

अकरा बेचाळीस. मी ते स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय. शेजारचे भोंगाकाका आले होते. तुला आठवत असतील, आमच्या एसटीच्या आगारातले ड्रायव्हर, रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवायचे. म्हणाले, ‘बेचाळीस कशाला? सरळ पावणेबारा म्हणा की.’ मी म्हटलं, ‘काका, माझ्या भाचीनं लिहिलंय. तिथं “म्हणा की” चालत नाही.’ मग माझा चहा पिऊन गेले.

तुझ्या त्या शंकाबिंका मी वाचल्या. वाचून बाजूला ठेवल्या. तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार.

आता का विचारलं ते. थोरलीचे डोळे फार बिघडलेत. दहा सप्टेंबरला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधलं तर साधलं, नाही तर आज जेवढं दिसतंय तेवढंही उरेल याची हमी नाही. तिचं पत्र आलं. अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, ओळी घसरत घसरत कागदाच्या कोपऱ्यात. लिहिते, ‘त्याआधी एकदा येऊन जा. तुला बघून घेते. पुढे कदाचित तुझं नुसतं ऐकायला लागेल, आणि ते मी लहानपणी पुष्कळ ऐकलंय.’ बघितलंस? अर्धी आंधळी झाली तरी जीभ शाबूत आहे.

एकोणीस वर्षांत तिनं मला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा मी ‘लांब पडतं’ म्हणून नाही म्हटलं. खोटं नाही बोलले. आमच्या आगारात नियम होता, बारा तासांच्या वर कुणालाही गाडीवर ठेवायचं नाही. तेराव्या तासाला माणूस माणसात राहत नाही, विजेच्या खांबाला ‘जरा सरका’ म्हणतो. एकतीस वर्षं मी तो नियम लोकांना लावला, मग स्वतःला नको का लावायला?

पण अकरा बेचाळीस नियमात बसतं. वर अठरा मिनिटं शिल्लक. थोरलीच्या मुलाला कळवून टाकलंय, तिकीट काढ म्हणून. ठके, मी निघाले!

फोन दुरुस्त करणारा येऊन गेला. म्हणाला, फोनला काही झालेलं नाही. त्याला काय कळतंय.

तुझी आत्या

*

२१ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी मी आनंदानं ओरडले. खालच्या चष्मेवाल्यानं वर बघितलं. मग मला घाम फुटला.

तू दारावर लिहिलेला आकडा पूस. निदान त्याच्याखाली रेघ मारू नकोस. मी शोधलं, आणि जे सापडलं ते ऐक. आपल्या विमानतळावरून थोरल्या आत्याच्या विमानतळाकडे सरळ जाणारं विमानच नाही! आमचा प्रोग्राम दोन ठिकाणांमधून रेघ ओढतो. त्या रेघेवरून कुणी जातं की नाही, हे तो विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पानं चाळत गेले तेव्हा कळलं, आमच्या यादीतला एक विमानतळ नऊ वर्षांपूर्वी बंद झालाय आणि तिथं आता शाळेचे सामने होतात. त्या मैदानाकडे जायला किती तास लागतात, याची आमच्याकडे तीन हजारांना एक कमी एवढी पानं आहेत.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, ‘आपण लोकांना चुकीचं सांगतोय.’ त्या म्हणाल्या, ‘चूक कुठाय? अंतर बरोबर, भागाकार बरोबर.’ मी म्हटलं, ‘पण माझी आत्या या पानावर विसंबून निघालीय.’ त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘खरंच कुणी वाचतं?’

आत्या, मध्ये दोन ठिकाणी विमान बदलावं लागेल. म्हणजे वेळ बाराच्या पुढे जाणार. किती पुढे ते थोरल्या आत्याकडच्या दादानं काढलेलं तिकीट आल्याशिवाय सांगता येत नाही. तोवर अकरा बेचाळीसचा गवगवा करू नकोस. खास करून भोंगाकाकांसमोर.

थोरल्या आत्याच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. तू जायलाच हवंस असं मला मनापासून वाटतं. पण खरा आकडा कळून जा.

तुझी ठकू

*

९ जुलै

ठके, अगं वेडे,

तिकीट आलं. भोंगाकाकांच्या मुलीनं छापून आणलं आणि मी चष्मा लावून तीनदा तपासलं. आता तू बस खाली आणि वाच.

दोन सप्टेंबर. सुटण्याची वेळ सकाळी आठ तीस. मध्ये दोनदा गाडी बदलायची, त्यात काय मोठंसं. पोचण्याची वेळ, तारीख तीच, दोन सप्टेंबर, संध्याकाळी सात पंचावन्न. वजाबाकी कर. अकरा तास पंचवीस मिनिटं!

तुझ्या पानापेक्षा सतरा मिनिटं कमी. दोनदा बदलूनही सतरा मिनिटं आधी पोचणारी गाडी मी एकतीस वर्षांत पाहिली नाही. आणि तू मात्र बिचाऱ्या मॅडमशी भांडून आलीस. जाऊन त्यांची माफी माग.

एक गंमत सांगते, तुझ्या कॅप्टनला विचार. परतीचं तिकीट पंचवीस सप्टेंबर, सकाळी सव्वादहाला सुटायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पाचला घरी. म्हणजे सत्तावीस तास पन्नास मिनिटं. जाताना अकरा, येताना सत्तावीस. मी आणि भोंगाकाका दुपारभर यावर बोललो. ते म्हणतात, जाताना उतार आहे, येताना चढ. वाराही समोरून असणार. आमच्या डोंगरातल्या गाडीचंही असंच व्हायचं, फक्त एवढं नाही.

येतानाचं नियमात बसत नाही हे मलाही दिसतंय. पण येताना घरी यायचं असतं, तिथं काय नियम लावायचा. माणूस घरी कसाही येतो.

थोरलीला निळा रंग अजून नीट दिसतो म्हणे. मी निळी साडी काढून ठेवलीय. बॅग भरायला घेतलीय.

तुझी आत्या

*

२८ जुलै

प्रिय आत्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव. माझी बाजू तुला पटणार नाही, तरी सांगते.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी ते ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. अकरा पंचवीस! आमचा आकडा आणि खरं तिकीट यांत सतरा मिनिटांचा फरक! कॅप्टन खुर्चीवर उभा राहिला. मॅडमनी सगळ्यांना चहा सांगितला. मी त्यांची माफीसुद्धा मागितली, तुझी आज्ञा म्हणून. दोन दिवस मी पायऱ्या दोन-दोन चढत होते.

तिसऱ्या दिवशी तुझी गंमत कॅप्टनला सांगितली. जाताना अकरा, येताना सत्तावीस. तो हसायला लागला, मग एकदम थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बाई, तिकडचं घड्याळ.’

आत्या, मला भूगोलात सत्तर मार्क होते. हे कुणाला सांगू नकोस.

थोरल्या आत्याच्या गावचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या आठ तास मागे चालतं. तू दुपारी बाराला जेवायला बसतेस तेव्हा तिथं पहाटेचे चार वाजलेले असतात आणि ती झोपलेली असते. तिकिटावर सुटण्याची वेळ आपल्या घड्याळातली छापतात आणि पोचण्याची त्यांच्या घड्याळातली. आगारात दोन्ही टोकांना एकच घड्याळ असतं, म्हणून तुझी वजाबाकी तिथं कधी चुकली नाही. इथं ती आठ तासांनी चुकली. जाताना आठ मिळवायचे, येताना आठ वजा करायचे. जायला एकोणीस तास पंचवीस मिनिटं. यायला एकोणीस पन्नास. चढ नाही आणि उतारही नाही.

हे मला दहा-बारा दिवसांपूर्वी कळलं. मग मी लिहायला बसायची आणि कागद फाडायची. कारण मला दुसरं एक दिसत होतं. मी गप्प बसले तर तू जाशील. तिकीट खोटं नाही, त्यावरचा एक आकडाही मी लिहिलेला नाही, तुझी समजूत तूच करून घेतलीस. मी फक्त काही बोलायचं नाही, एवढंच. तू आनंदानं विमानात बसशील, उशीर झाला म्हणून जरा कुरकुरशील आणि निळी साडी नेसून थोरल्या आत्यासमोर उभी राहशील. आणि मी बोलले तर तू चौथ्यांदा नाही म्हणशील, आणि ती तुला बघायची राहून जाईल.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘गप्प बस ना. पोचल्यावर कळेलच तिला.’ कॅप्टनही तेच म्हणाला.

पण तू माझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतेस, आणि मी तुला डोळे मिटलेलीच विमानात बसवू? मला ते जमणार नाही. म्हणून सांगितलं.

त्या पानावरचं ‘रात्रीच्या जेवणाला पोचाल’ हे वाक्य मी काढून टाकलंय. त्या जागी लिहिलंय की सरळ विमान नाही आणि दोन्हीकडची घड्याळं वेगळी आहेत, तिकीट वाचताना सांभाळा. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘आता उरलेल्या पंचेचाळीस लाखांचं काय?’ पण काढायला सांगितलं नाही. कॅप्टन सगळ्या पानांवर घड्याळाची ओळ आपोआप येईल असं काहीतरी करतोय.

आत्या, एकोणीस तास फार नाहीत गं. सगळ्यात लांब विमान साडेआठ तासांचं आहे, बाकीचा वेळ चालायचं आणि बसायचं. जा ना.

तुझी ठकू

*

५ ऑगस्ट

ठके,

तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं. आणि सांगितलंस तेही बरं झालं. दोन्ही खरं आहे, आता तू गणितात पदवी घेतलीयस, तूच जुळव.

भोंगाकाकांनी त्यांच्या घरचं घड्याळ आणलं, आठ तास मागे लावलं आणि माझ्या घड्याळाशेजारी टांगलं. दिवसभर आम्ही बघत बसलो. मी भाजी चिरतेय आणि थोरली झोपलीय. मी भांडी घासतेय, तरी थोरली झोपलीय. लहानपणी अगदी असंच होतं.

आता नीट ऐक. मी जात नाही. तू भाच्याला फोन कर आणि तिकीट रद्द करायला सांग. मला फोनवर बोलता येत नाही ते तुला माहीत आहे.

का बोलता येत नाही ते मात्र माहीत नाही. तू मला खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. फोन चांगला आहे. कान गेलेत. डावा पार गेला, उजव्यानं जवळ बसलेल्या माणसाचं ओठ बघून कळतं. एकतीस वर्षं कर्ण्याखाली बसले, त्याचं हे. ‘तीन नंबरच्या फलाटावर येणारी गाडी’ असं मी दिवसातून दोनशे वेळा म्हटलं असेल. माझा आवाज बाजारापर्यंत जायचा. बाया मुलांना सांगायच्या, आत्याबाईंचा आवाज आला, शाळेची वेळ झाली. त्या बाईला आता स्वतःला घोषणा ऐकू येत नाही, हे कुणाला सांगणार? भोंगाकाकांना वाटतं मी त्यांच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करते. वाटू दे.

बारा तासांचा नियम खरा आहे, पण तो मी पुढे केला. मागे लपवलं ते हे. सरळ एक गाडी असती तर बसले असते आणि उतरले असते. तू अकरा बेचाळीस लिहिलंस तेव्हा मला तेवढंच दिसलं, एक गाडी. मग तिकीट आलं, दोनदा बदलायची. तेव्हाच नाही म्हणणार होते, पण वजाबाकी इतकी छान आली की मी स्वतःलाच फसवलं, म्हटलं बघू. आता एकोणीस तास म्हणतेस. दोन परके विमानतळ, हजार माणसं, वरून कुणीतरी बाई काहीतरी सांगतेय, सगळे उठून पळताहेत, आणि मी निळी साडी नेसून बसलेय. गाडी चुकलेली माणसं मी आयुष्यभर खिडकीतून बघितलीत. त्यांचे चेहरे मला माहीत आहेत.

थोरलीला लिहीन काहीतरी. पत्र कुणीतरी वाचून दाखवेल.

बॅग अजून भरलेलीच आहे. तिची साखळी अडकलीय, उघडत नाही. एखाद्या दिवशी बघेन.

कानाचं कुणाला बोलू नकोस.

तुझी आत्या

*

१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

रविवारी दादाला फोन केला. तुझा निरोप द्यायलाच केला होता. तो म्हणाला, ‘मला वाटलंच होतं. मावशीला आमच्याकडे यायचंच नसतं. आई फोन करते तर ती काहीही विचारलं तरी हो हो, बरं आहे, असं म्हणते आणि ठेवून देते. आईनं एकदा सांगितलं, मी पडले होते, हात मोडला. तर मावशी म्हणाली, छान छान.’

आत्या, थोरली आत्या त्या दिवसापासून समजून चाललीय की तिच्या दुखण्याचं तुला काही वाटत नाही. तरीही तिनं ते पत्र लिहिलं.

मग मला गप्प बसवेना. कानाचं कुणाला बोलू नकोस असं तू लिहिलं होतंस. मी बोलले. तू सांगितलेलं मी आजवर एकदाही मोडलं नव्हतं, हे पहिलंच. दादानं फोन बाजूला धरून हाक मारली, ‘आई, मावशीला ऐकू येत नाही गं!’ आणि मला आतून थोरल्या आत्याचा आवाज आला, ‘कुणाला? तिला? अगं बाई! म्हणून छान छान होय?’ आणि ती हसायला लागली. दादा म्हणाला की हसता हसता ती रडली, पण मला फक्त हसणं ऐकू आलं, म्हणून तेवढंच लिहिते.

सोमवारी अर्धी सुट्टी टाकून मी विमान कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेमागे एक बाई होत्या, तुझ्याच वयाच्या, समोर ‘रांगेत उभे राहा’ अशी पाटी आणि रांग नावाला नाही. मी विचारलं, ‘प्रवाशाला घोषणा ऐकू येत नसेल तर?’ त्या म्हणाल्या, ‘मग ऐकू येत नाही असं तिकिटावर नोंदवायचं. आमचा माणूस दारात थांबतो आणि पुढच्या विमानात नेऊन बसवतो. रोजचं आहे आम्हाला.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला रोजचं आहे, माझ्या आत्याला मोठं गुपित आहे.’ त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, ‘मलाही डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजव्या बाजूनं बोला.’ त्यांनी अर्ज पुढे केला. मी तो भरला आणि सही केली. नात्याच्या रकान्यात भाची लिहिलं.

म्हणजे आता असं आहे. दोन्ही विमानतळांवर विमानाच्या दारातच तुझं नाव लिहिलेला कागद घेऊन कुणीतरी उभं असेल. ते तुला पुढच्या दारापर्यंत नेतील. काही सांगायचं असलं तर लिहून दाखवतील, तशीही नोंद केलीय. आपली भाषा त्यांना येणार नाही, म्हणून मी बारा चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात दोन्ही भाषांत लिहून सोबत पाठवतेय. ‘विमानाला उशीर आहे’, ‘इथं बसा’, ‘आता चला’, ‘चहा घेणार का’. त्यांनी नुसतं बोट ठेवायचं. तेरावी चिठ्ठी कॅप्टननं केलीय, ‘लिफ्ट नको, जिना दाखवा’. ती वापरायचीच असं नाही.

एका कागदावर दोन घड्याळं काढली आहेत, आपलं आणि तिकडचं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्हींत किती वाजलेले असतील ते लिहिलंय. वजाबाकी करून बघ. माझी एक जरी चूक सापडली तर भोंगाकाकांना खुशाल सांग. काका तुला विमानतळावर सोडायला येणार आहेत. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे दोन वर्षं मी गातो ते तिला ऐकूच येत नव्हतं?’ मला वाटतं, त्यांना जरा हायसंच वाटलं.

तू चिडशील. तुझं गुपित मी चार जणांना सांगितलं, एका काचेमागच्या बाईंना धरून पाच. तुला न विचारता सांगितलं. घरात विचारलं तर खरं सांगणारं एक माणूस हवं म्हणून तू मला शिकवलंस. मला वाटलं, न विचारताही कधीकधी सांगावं लागतं. चुकले असेन तर तिथून येऊन माझे कान धर.

तिकीट मी रद्द केलेलं नाही. बॅगेची साखळी अडकलीय तर ती तशीच राहू दे, थोरल्या आत्याकडे पक्कड असेलच.

आगारात तुम्ही पुढच्या स्थानकाला ‘गाडी सुटली’ असं एकदा कळवलं की ती गाडी कुणी परत आत घेत नाही, हो ना? मी रविवारी दादाला फोन थोरल्या आत्याच्या हातात द्यायला लावलं आणि तिला कळवलं, सुटली.

तुझी ठकू